गुरुवारची विधवा

२ फेब्रुवारी

सोल्वाय,

त्या सकाळी मी शेगडीतली राख काढून बाहेरच्या बर्फाळ पायरीवर पसरली, कोंबड्यांना कोमट पाणी ठेवलं आणि राय धान्याच्या पावाच्या कापांना लोणी लावत बसले. दोन काप माझे, दोन तुझ्या बाबांना हॉस्पिटलात न्यायला. तिथला पाव त्यांना पटत नसे. "हा पाव नाही, स्पंज आहे. याने फेरीबोटीचा डेक पुसावा," म्हणायचे. सगळं आयुष्य डेकवर काढलेला माणूस, त्यांना डेक पुसण्यातलं कळत होतं. मी काप कागदात गुंडाळत होते तेव्हा फोन वाजला. बोटांना लोणी होतं म्हणून मी आधी हात पुसले. घाई कसली असणार, असं वाटलं.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. पत्रं मात्र परत येत नाहीत. गेर्डाआत्या सांगते की तू ती न फोडता कपाटावर रचून ठेवतेस. ठेव. तुझ्या बाबांची बहीण तिकडे समुद्रापलीकडच्या बेटावर, तोर्शहाव्नमध्ये आहे आणि तू तिच्या घरी आहेस, एवढ्यावर मी दिवस काढते. माझं मागणं जुनंच आहे. घरी ये, नाहीतर मला तिकडे ये म्हण.

आता इथली बातमी. आपलं छोटं हॉस्पिटल बंद झालं. पेशंट सगळे मोठ्या शहरात गेले आणि इमारत नर्सिंगच्या शाळेला मिळाली. तू जो अभ्यास अर्धवट टाकून गेलीस तोच आता तिथे चालतो. वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या नर्सेस येतात, वॉर्डप्रमुख व्हायचं म्हणून पदव्युत्तर पदवी घेतात. पगार, पाळ्या, खर्च, माणसं सांभाळणं, सगळं शिकवतात. अवघड बोलणी कशी करायची तेही शिकवतात, आणि त्याच्या सरावाला त्यांना बाहेरची माणसं लागतात.

शाळेत शिकवणाऱ्या आस्ता ब्रून वाचनालयाच्या गाडीपाशी आल्या होत्या. मी पुस्तकं परत करत होते. त्यांनी गाडीवरच्या बाईंना विचारलं, "एखादी विधवा मिळेल का हो, दर गुरुवारी सकाळी?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ते काम मला येतं.

तर मी आता गुरुवारची विधवा आहे. एका कागदावर माझी गोष्ट लिहिलेली असते. नवऱ्याचं नाव पॉल, वॉर्डात असताना गेला, त्या वेळी त्याच्याजवळ कुणी नव्हतं. मी तक्रार घेऊन वॉर्डप्रमुखाकडे येते. समोर बसलेल्या विद्यार्थ्याने माझं ऐकायचं, सबबी सांगायच्या नाहीत, मध्ये शांतता पडली तर ती पडू द्यायची. बाकीचा वर्ग भिंतीतल्या काचेमागे बसून बघतो. पलंगावर एक रबरी पुतळा असतो, तो पॉल. वायर जोडली की तो श्वास घेतो, पण आमच्या तासाला वायर गुंडाळून उशाखाली ठेवतात, कारण पॉल मेलेला असतो.

खोली सहा नंबरची आहे, तुझे बाबा गेले तीच. तुला सांगायला हवं म्हणून सांगितलं. घरी बसून तरी मी काय करणार होते.

आई

१५ फेब्रुवारी

सोल्वाय,

आत्याकडून तुझी खुशाली कळली. लोकरीच्या दुकानात काम करतेस आणि कमी जेवतेस, म्हणाली. जेवत जा.

त्या खोलीतली एक गोष्ट मला समजेना म्हणून तुला विचारते. तुला तिथली हवा माहीत आहे. बॉयलर बंद आहे. तासाला माझ्या अंगावर कोट असतो, वर तुझ्या बाबांचा मफलर, तरी बोलताना तोंडातून वाफ निघते. आणि समोर बसणारा प्रत्येक विद्यार्थी थोड्या वेळाने गळ्याशी हात नेतो.

पहिला माल्ते होता. धिप्पाड गडी, अपघात विभागात काम केलेला, रक्त बघून जांभई देणारा. मी माझं गाऱ्हाणं सांगत होते आणि त्याने मध्येच स्वेटर काढला. मग म्हणाला, "फार कोंदट झालंय, जरा खिडकी उघडू का?" आस्ताबाई काचेमागून म्हणाल्या, ती उघडत नाही, पुढे चला. पुढच्या गुरुवारी तिघं आली. तिघांनीही हेच विचारलं. एकीच्या वरच्या ओठावर घाम होता आणि तिच्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. मी आस्ताबाईंना म्हटलं, हे काय आहे? त्या हसल्या. "बोदिल, आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाला हुकूम द्यायच्या खुर्चीत बसवलं की घाम फुटतोच."

असेल. तुलाही फुटायचा. पहिल्यांदा महिनाभरासाठी तुझ्या हाती वॉर्ड दिला तेव्हा तू सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ओकली होतीस, आणि बाबा म्हणाले होते, "कॅप्टन झाल्यावर मलाही बोट लागली होती. कुणाला सांगू नकोस."

आस्ताबाई तुझा निबंध अजून वर्गात वाचायला देतात. मला दिला, मी दोनदा वाचला. तू चांगलं लिहितेस. तो भ्रमिष्ट शेतकरी गाईंची धार काढायची म्हणून मोज्यांवरच खिडकीतून उतरला आणि पाय मोडून घेतला, त्यावर तू वॉर्डातल्या सगळ्या खिडक्या स्क्रूने बंद करवल्यास. निबंधात त्याचे फायदे आहेत, आणि शेवटी तो परिच्छेद आहे. नर्सेस कुरकुरल्या, कारण माणूस गेला की खिडकी उघडायची, त्याचं नाव घेऊन त्याला निरोप द्यायचा, ही त्यांची रीत. तू लिहिलंस, ही कुणी कधी प्रश्न न विचारलेली सवय आहे, आणि प्रमुखाचं काम सवयींना प्रश्न विचारणं आहे.

तेव्हा तुला ठाऊक नव्हतं की त्या वॉर्डात पुढे कोण येऊन पडणार आहे.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा नर्स कार्लाचा हात खिडकीच्या मुठीवर होता. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली बाई, हात सवयीने गेला असणार. तू दारात उभी होतीस. ती म्हणाली, वेर्नर शिपायाला बोलावू का, दोन मिनिटांत काढेल स्क्रू. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "नियम सगळ्यांना सारखा. माझ्या बाबांसाठी मोडला तर उद्या मी कुणाला काय सांगू?" ताठ उभी होतीस. गाल पांढरे झाले होते. मी व्हरांड्यात पावाचं पुडकं घेऊन उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

बाबांना शेवटचे आठवडे हवेशिवाय दुसरं काही नको होतं. फुप्फुसं गेली होती. "हे हॉस्पिटल आहे की सार्डिनचा डबा," असं तुला चिडवायचे. चिडवायचे, सोल्वाय. तक्रार नव्हती ती.

आई

६ मार्च

सोल्वाय,

काल सिग्ने राव्न नावाच्या मुलीची पाळी होती. मी मुलगी म्हणते, पण चाळिशीची आहे, दोन मुलांची आई. वर्गातली सगळ्यांत शांत. आस्ताबाई म्हणतात, ही आजच वॉर्ड चालवेल.

तिने छान ऐकलं. मला खरंच बोलावंसं वाटलं, पॉलबद्दल, म्हणजे त्याच्या कागदावर नसलेलंही. मग ती थांबली. डोकं जरा वळवलं, जसं शेजारच्या पलंगावरून कुणी हळू हाक मारली की नर्स वळवते तसं. आणि मला म्हणाली, "एक मिनिट हं. मी जरा खिडकी उघडते. त्यांना हवंय."

काचेमागून आस्ताबाईंनी विचारलं, "कुणाला हवंय?"

"यांना. पेशंटला." मग तिने पुतळ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. तिचा चेहरा उतरला. "सॉरी. ते तर मेलेत."

वर्ग हसला. ती नाही हसली. बाहेर कोट चढवताना मला हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही का हो जाणवत? की मलाच?"

मी म्हटलं, मला थंडी वाजते.

ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तुला लिहिते, कारण तू पत्र फोडत नाहीस आणि फोडत नाहीस म्हणून लिहिता येतं. मला तिथे गुदमरत नाही. मला तिथे डांबराचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास येतो. पहिल्या गुरुवारी आला तेव्हा वाटलं मफलरचा असेल. पुढच्या गुरुवारी मफलर मुद्दाम घरी ठेवला. वास होता. घरातून त्यांचा वास कधीच गेलाय, उशी नाकाशी धरली तरी नुसता साबण येतो. आणि तिथे, सगळं आवरून विद्यार्थी कॉफीला गेले की मी थोडा वेळ मागे राहते, त्या पुतळ्याच्या छातीवर हात ठेवते. वायर उशाखाली असते, मी दर वेळी बघते. छाती हलते असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणते की बर्फासारख्या खोलीत ते रबर कोमट असतं, फडक्याखाली ठेवलेल्या पावासारखं.

मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी वाचनालयाच्या गाडीवरच परत करते. पण कोमट ते कोमट.

वेर्नर आता शाळेचा शिपाई आहे. त्याने विद्यार्थ्यांची बोलणी ऐकली आणि मला म्हणाला, काढून टाकू का तो स्क्रू? मी म्हटलं, नको, नियम आहे. तो हसला. "नियम तुझ्याच पोरीचा. वॉर्ड गेला, पेशंट गेले, प्रमुख गेली, नियम तेवढा राहिला."

मी पुन्हा म्हटलं, नको.

आई

१६ मार्च

सोल्वाय,

आत्याचा फोन आला होता. तेव्हाच लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

ती म्हणाली, तू घरात झोपत नाहीस. आल्यापासून नाही. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बंद खोलीत तुझा श्वास अडतो, म्हणून तू होड्या ठेवायच्या खालच्या नावघरात दार सताड उघडं टाकून झोपतेस, तिकडच्या वाऱ्यात, हिवाळाभर. आणि आता तुला न्यूमोनिया झालाय आणि तू हॉस्पिटलात आहेस, नाकाला नळी आहे, आणि नळीतली हवाही पुरत नाही म्हणतेस. डॉक्टर म्हणतात, जितकी पुरायला हवी तितकी जातेय. आत्या म्हणाली, तापात तू एकच विचारतेस. कुणी उघडली का?

"काय उघडायचंय, बोदिल? मला काही कळत नाही. तुला कळतंय का?"

मी म्हटलं, कळतंय. बघते.

हा फोन मंगळवारी आला. गुरुवारी मी शाळेत गेले. खुर्चीत बसले, पॉलबद्दल बोलले. दोन विद्यार्थ्यांनी खिडकी उघडू का विचारलं, त्यातल्या एकाला खोकल्याची उबळ आली. वेर्नर व्हरांड्यात दिवा बदलत होता, खिशातून स्क्रू काढायची हत्यारं डोकावत होती. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. सगळे गेल्यावर मी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवून बसले. कोमट होती. वास होता. मी सांगितलं त्यांना, सोल्वाय आजारी आहे. वास वाढला, अंगणातून कुणी घरात यावं तसा. मग मी उठले आणि घरी आले.

आज सकाळी आत्याने पुन्हा फोन केला. मी कुठे होते, काय करत होते, सगळं विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोरगी इथे तडफडतेय आणि तू तिथे बसून नाटकात काम करतेस."

याचं उत्तर पॉलच्या कागदावर नव्हतं.

तुझे बाबा गेल्यावर मला लोक म्हणाले, काळ जाऊ दे. मी जाऊ दिला. मग मला ती खोली मिळाली. मी काही मागितलं नव्हतं. दर गुरुवारी सकाळी थोडा वेळ, बस. पण खोली एक आहे, आणि तिथली हवा बाबांना आणि तुला, दोघांना पुरत नाही, असं दिसतं.

आई

२१ मार्च, बोटीवरून

सोल्वाय,

अक्षर हललेलं दिसेल. समुद्र हलतोय.

परवा गुरुवारी पुन्हा सिग्नेची पाळी होती, परीक्षेची. काचेमागे सगळा वर्ग, आस्ताबाई आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. मी घरून ठरवून गेले होते की आधी वेर्नरला सांगायचं. वेर्नर कुठे दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मी नीट शोधलाही नाही. सिग्नेने नमस्कार केला, विचारलं, मी तुमच्यासाठी काय करू शकते? कागदावर पुढचं वाक्य होतं की मला पॉलबद्दल जाब हवा आहे.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याची फुप्फुसं गेली होती. ते इथे गेले तेव्हा खिडकी उघडली नाही. ती आता उघडा."

तिने काचेकडे पाहिलं. परीक्षा होती, तिकडून काही बोलता येत नाही.

"खिडक्या बंद ठेवायचा नियम आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. माझ्या मुलीने केलाय."

ती खूप वेळ गप्प बसली. शांतता पडू द्यायला त्यांना शिकवतात, पण ही शिकवलेली नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती तोंडाने श्वास घेत होती. मला वाटलं आता ही बाहेर पळणार. मग तिने विचारलं, "नियम का केला होता?"

"एक म्हातारा गाईंची धार काढायला यातून उतरला होता."

"आज या खोलीतून उडी मारील असं कुणी आहे?"

"मी नाही. माझे गुडघे बघा."

ती हसली नाही. उभी राहिली. "मग आजच्यापुरता हा नियम मी मोडते. कुणी विचारलं तर सांगा, सिग्ने राव्नने मोडला, आणि का मोडला ते मी सांगेन." आणि दार उघडून तिने वेर्नरला हाक मारली.

सोल्वाय, हेच तूही केलं असतंस. मला खात्री आहे. पण तिच्यासमोर रबरी पुतळा होता आणि तुझ्यासमोर तुझे बाबा. मेलेल्या बापाच्या पायाशी उभं राहून न्याय कसा करायचा, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. तुला त्या दिवशी त्या खुर्चीत कुणी बसवायलाच नको होतं.

स्क्रू रंगात बुडाले होते, वेळ लागला. शेवटचा निघाला तेव्हा काचेमागची सगळी माणसं खोलीत येऊन भिंतीला लागून उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. वेर्नरने मूठ फिरवली आणि खिडकी ढकलली.

पश्चिमेचा वारा होता त्या दिवशी, फ्योर्डच्या खाडीवरून सरळ त्या भिंतीवर येणारा. सगळी झाडं आमच्याकडे वाकली होती. पडदा आत यायला हवा होता. तो बाहेर गेला. पूर्ण ताणून बाहेर, वाऱ्याच्या तोंडावर, कुणी धरून ओढल्यासारखा. माल्ते माझ्या शेजारी होता, त्याने माझा दंड धरला. माझ्या डोक्यावरचे केस पुढे खिडकीकडे उडाले. सिग्नेला रीत माहीत होती, सगळ्या नर्सेसना असते. तिने विचारलं, "नाव?"

"आयनार," मी म्हटलं.

"आयनार," ती म्हणाली, "आता सावकाश जा. इथलं सगळं आम्ही बघतो."

मग पडदा खाली पडला, आणि जरा वेळाने वाऱ्याने आत आला, यायचा तसा. सगळ्यांना एकदम थंडी वाजली. परीक्षक स्वतःशीच काही पुटपुटत कोट शोधायला गेले. आस्ताबाई चष्मा पुसत म्हणाल्या, याला गुण कसे द्यायचे ते मला कळत नाही, आणि दोन वेळा पुसूनही त्यांनी तो डोळ्यांवर चढवला नाही.

मी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला. रबर होतं. गार, आणि जरा चिकट. वास कसलाच नव्हता.

मी तिथेच रडले, माणसांसमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा. ते गेले त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते. सिग्ने शेजारी बसून राहिली. चांगली प्रमुख होईल ती.

संध्याकाळी आत्याला फोन केला. उघडली, असं सांग तिला, म्हटलं. आत्याने विचारलं, तूच का नाही सांगत? तुझा ताप उतरला का ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली, उतरला म्हणाली तर मी त्या पडद्यावर विश्वास ठेवीन, आणि नाही म्हणाली तर मी तुझ्या बाबांना फुकट घालवून बसले असेन.

दुसऱ्या दिवशी मी घराला कुलूप लावलं, बसने हिर्त्सहाल्सच्या बंदरावर गेले आणि तुझ्याकडे येणाऱ्या बोटीत बसले.

आई